अपंगत्वाचे टक्के, कमाईचे टक्के



यंत्रात बोटे गेलेला किंवा परांचीवरून पडलेला रुग्ण सावरू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी हळूच विचारतात, "डॉक्टर, किती टक्के लिहाल?" प्रश्न रास्त आहे. परंतु हे टक्के दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत कुटुंबाला फार महाग पडते.

दिव्यांग प्रमाणपत्रावरील टक्केवारी शरीराची हानी मोजते. कामगार नुकसानभरपाईत प्रश्न निराळा असतो: या इजेमुळे कमावण्याची क्षमता किती घटली? १९२३ च्या कायद्याने (२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो आता सामावला आहे) काही इजांचे टक्के ठरवूनच दिले आहेत. अंगठा गेल्यास ३०, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४. कण्याची किंवा डोक्याची इजा मात्र या यादीत बसत नाही. तेथे डॉक्टरांच्या मूल्यमापनावर सारे अवलंबून असते. १९६८ साली काम करताना पडलेल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. म्हणूनच डॉक्टरांना केवळ जखम दाखवू नका. रुग्ण कोणते काम करीत होता, तेही तपशीलवार सांगा.

आता हिशेब पाहा. वय ४० वर्षे, वेतन दरमहा १५,००० रुपये. पूर्ण कायम अपंगत्व असल्यास वेतनाच्या ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले या वयाचा गुणांक १८४.१७. रक्कम होते १६,५७,५३० रुपये. अंगठा गेला असेल, तर तिचे ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९. एकेका टक्क्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

ही भरपाई मालकाने द्यायची असते. कामगार राज्य विम्याखाली, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'ईएसआय'खाली असेल, तर ती महामंडळाकडून मिळते: तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के, आणि कायम अपंगत्वात वैद्यकीय मंडळ ठरवील त्या प्रमाणात मासिक रक्कम. अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीला लागून आठवडाच झाला होता, म्हणून कोणी गप्प बसू नये.

माझ्या अनुभवात दावा अडतो तो पहिल्याच केसपेपरवर. मुकादम सोबत आलेला असतो आणि 'घरी पाय घसरला' असे लिहून घेतले जाते. पुढे तोच कागद रुग्णाच्या विरुद्ध उभा राहतो. तेव्हा अपघाताचे ठिकाण, वेळ आणि कारण खरे तेच सांगा व तसेच लिहिले गेले ना, हे वाचून घ्या. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, वेतनाची पावती एकाच पिशवीत ठेवा. हे काम घरातील आजीआजोबांइतके चोख कोणी करीत नाही! मालकाला अपघाताची लेखी सूचना द्या आणि तिची पोच घ्या.

साठी उलटल्यावर रात्रपाळीची रखवालदारी करणारे कित्येक जण माझ्याकडे येतात. 'या वयात कसली भरपाई?' असे ते म्हणतात. कायद्याच्या तक्त्यात ६५ व त्यापुढील वयासाठीही गुणांक दिलेला आहे: ९९.३७.