टोपीतला प्रकाश मेंदूपर्यंत पोहोचतो का?

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या वृद्ध वडिलांना विसराळूपणा जडला आहे. हातात जाहिरात होती : लाल दिव्यांची टोपी रोज घाला, स्मरणशक्ती परत मिळवा! किंमत बरीच. "डॉक्टरसाहेब, घेऊ का?"

वाचकहो, अंधारात बॅटरीचा झोत तळहाताखाली धरून पाहा. हात लालसर उजळतो, पण आतली हाडे दिसत नाहीत. कारण शरीरात प्रकाश सरळ जात नाही, वाटेत आपटून विखुरतो. लाल रंगापलीकडचा अदृश्य अवरक्त प्रकाश मात्र कमी शोषला जातो. तो कवटी भेदून जातो, हे जॉब्सिस या शास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवले.

पण जातो तरी किती? जिवंत माणसाच्या मेंदूत मापक खुपसून पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात डोके तयार करतात. त्वचा, कवटी, मेंदूभोवतालचे पाणी, मेंदू असे थर मांडतात आणि प्रकाशाचे कोट्यवधी कण सोडतात. कण कुठे वळला, कुठे शोषला गेला, हे दर पावलाला जणू फासे टाकून ठरते. म्हणूनच जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून या पद्धतीला 'माँटे कार्लो' म्हणतात. वांग आणि जॅक्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली यासाठीची आज्ञावली जगभर वापरली गेली.

हा हिशेब काय सांगतो? बहुतेक प्रकाश बाहेर परततो किंवा त्वचेत नि कवटीतच संपतो. कपाळावर दिवा आणि मापक तीन सेंटीमीटर अंतरावर ठेवले, तर साधारण दीड सेंटीमीटर खोलीपर्यंतचीच खबर मिळते. स्मृती साठवणारा महत्त्वाचा भाग त्याहून बराच खोल आहे. संशोधन जरूर चालावे. पण अशा टोपीने स्मृतिभ्रंश बरा होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. विक्रेत्याला एवढेच विचारा : किती प्रकाश, किती खोल, आणि पुरावा काय?

विसराळूपणामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधे अशी कारणेही असू शकतात. त्यांवर उपाय आहेत. आधी तपासण्या करून घ्याव्यात.

गृहस्थ उठले तेव्हा मी विचारले, "वडील अलीकडे कुठे पडले होते का?"

"महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते. डोक्याला थोडं लागलं होतं."

म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत अशा माराने हळूहळू रक्त साठू शकते. मी त्यांना त्याच दिवशी सीटी स्कॅनची चिठ्ठी दिली. टोपी विकणारा हा प्रश्न विचारत नाही.