गँडाल्फच्या हातात काठी राहते का?

दिवाळीत किल्ला केला असेल, तर तुम्ही परीक्षक आहातच. मातीचे मावळे आणायला गेल्यावर काय करायचात आठवा. टोपलीतले चार-पाच उचलून बघायचे. तलवार तुटलेला परत ठेवायचा, डोळे कपाळात गेलेल्याला हसायचं, आणि मिशी झोकात उतरलेला मावळा दुसऱ्या कुणी उचलायच्या आत आपल्या पिशवीत टाकायचा. तोफेपेक्षा वाघ मोठा आहे आणि दरवाजापेक्षा महाराज उंच आहेत, हे तुम्हाला चालायचं. पण ते दिसायचं, हे महत्त्वाचं.

तेच तुम्ही आता मोठे झालात, हातात फोन आला, आणि चार-पाच हजारांची फिगर मागवताना मात्र ही नजर कुठे जाते कोण जाणे! कंपनीनं काढलेले फोटो, त्यावर पाडलेला निळसर प्रकाश, खाली ‘लिमिटेड’ असा शब्द, की झालं काम.

माझ्या ओळखीतला एक थर्ड इयरचा मुलगा इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड घेऊन असाच अडून बसला होता. त्याला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गँडाल्फ हवा होता, राखाडी झग्यातला, टोकदार टोपीवाला. वडील म्हणाले, ‘एवढ्यात घरी गॅसची शेगडी येते.’ मित्र म्हणाले, ‘घे रे, पुढे दुप्पट किमतीला विकशील.’ माझ्या मते दोघांचंही चुकलं. शेगडीशी तुलना केली तर पुस्तक, गिटार आणि ट्रेकचे बूट यांतलं काहीच घ्यायला नको. आणि दुप्पट किमतीच्या आशेवर घ्यायची असेल, तर ती फिगर न घेतलेली बरी. खरा प्रश्न एवढाच आहे, की ही वस्तू चांगली बनली आहे का आणि ते कसं ओळखायचं?

आधी थोडं मागे जाऊ. ‘ॲक्शन फिगर’ हा शब्दच मुळात एक विक्रीची युक्ती आहे. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीनं जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या धास्तीनं तिला हे नवं नाव दिलं. पुढची गंमत ‘स्टार वॉर्स’ची. सिनेमा १९७७ च्या मे महिन्यात आला आणि तुफान चालला, पण केनर कंपनीच्या फिगर नाताळपर्यंत तयार होईनात. मग त्यांनी काय विकलं? जवळजवळ रिकामं पाकीट! आत एक प्रमाणपत्र, ते पोस्टानं पाठवा, फिगर पुढच्या वर्षी घरी येतील. लोकांनी घेतलंही. आज ‘प्री-ऑर्डर’चं बटण दाबताना आपणही तेच पाकीट घेत असतो. फरक इतकाच, की आता ते दिसत नाही.

आता आपल्या गँडाल्फकडे येऊ. पीटर जॅक्सनचे तीन सिनेमे २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. तेव्हापासून इयन मॅकेलन यांचा हा चेहरा किती कंपन्यांनी घडवला. टॉय बिझच्या सहा इंची मालिकेपासून डायमंड सिलेक्टच्या सात इंची मालिकेपर्यंत, आणि वर एकास सहा प्रमाणातल्या, म्हणजे साधारण फूटभर उंच, कापडी कपड्यांच्या महागड्या फिगर. या शेवटच्या प्रकाराची किंमत वीस-तीस हजारांच्या घरात सहज जाते.

पहिली नजर चेहऱ्यावर टाका, पण ‘हुबेहूब आहे का’ असं विचारू नका. मॅकेलन यांच्यासारखा दिसणं वेगळं आणि गँडाल्फ दिसणं वेगळं. सिनेमा पुन्हा लावा. बॅगएंडमध्ये बिल्बोच्या घरात डोकं आपटणारा गँडाल्फ खट्याळ आहे. मोरियाच्या पुलावर बॅलरॉगसमोर उभा राहणारा थकलेला आहे आणि तरीही हटत नाही. चांगल्या मूर्तिकारानं यातला एक निवडलेला असतो. वाईट फिगरचा चेहरा कुठल्याच प्रसंगातला नसतो. एखादा म्हातारा, दाढीवाला, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. बऱ्याचदा मूर्तिकाम चांगलं असतं आणि घात रंगात होतो. डोळ्याचं बुबुळ केसभर इकडे-तिकडे झालं की जादूगार तिरळा होतो. अलीकडे चेहऱ्यावर डिजिटल छपाई करतात, त्यानं हा प्रकार बराच कमी झाला आहे. म्हणूनच कंपनीच्या नमुन्याचा फोटो बघू नका. तो हातानं रंगवलेला असू शकतो. घेतलेल्या माणसानं घरच्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो शोधा.

दुसरी गोष्ट हात. गँडाल्फच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ग्लॅमड्रिंग ही तलवार, ही त्याची ओळख. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: काठी हातात राहते का? हसू नका. बोटांची मूठ जरा सैल असली की काठी रात्रीतून घसरते आणि सकाळी टेबलाखाली सापडते. मूठ फार घट्ट असली तर काठी घालताना तिचा रंग खरवडतो. काही कंपन्या दोन-तीन जादा हात देतात, ते उगीच नाही.

मग येतात सांधे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, इतके-इतके सांधे. इथे फसू नका. गँडाल्फचा झगा पायघोळ आहे. तो जर टणक प्लॅस्टिकचा असेल, तर आतले गुडघे कितीही वळोत, बाहेर काय दिसणार? अशा फिगरला मान, खांदा, कोपर आणि मनगट एवढे चांगले वळले तरी पुष्कळ. उलट लेगोलससारख्या धनुर्धाऱ्याला कोपर पूर्ण दुमडता येत नसेल, तर प्रत्यंचा गालापर्यंत येणारच नाही, मग पायाचे दहा सांधे असून उपयोग काय? सांधे मोजायचे नसतात. पात्र काय करतं ते आठवायचं आणि तेवढं जमतं का हे बघायचं.

झगा कापडाचा असावा की प्लॅस्टिकचा, यावर संग्राहकांमध्ये भांडणं लागतात. माझं मत विचाराल तर सात इंचांपर्यंत प्लॅस्टिक. कारण माणूस लहान करता येतो, पण कापडाचा धागा त्या प्रमाणात लहान होत नाही. छोट्या फिगरच्या अंगावर कापड झुळझुळत नाही, रुमालासारखं फुगून बसतं. फूटभर उंचीला मात्र कापड शोभतं. त्यातही कडेला बारीक तार घातलेली असेल तर झगा वाऱ्यावर उडतोय असा ठेवता येतो.

आणि उंची! हा माझा आवडता भाग. गिमली हा बुटका ड्वार्फ ज्यांनी साकारला, ते जॉन ऱ्हीस-डेव्हिस प्रत्यक्षात सहा फुटांहून उंच आहेत, त्या नऊ सोबत्यांच्या नटांमध्ये सर्वांत उंच. पडद्यावर त्यांना छोटं दाखवण्यासाठी कॅमेऱ्याचे कोन, जवळ-लांब उभं करण्याच्या युक्त्या आणि बुटके डबल वापरले. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं तर मिनास तिरिथचं अख्खं शहर एकास बहात्तर प्रमाणात बांधून कॅमेऱ्यासमोर ठेवलं. म्हणजे ज्या सिनेमाची तुम्ही प्रतिकृती घेताय, तो स्वतःच प्रतिकृतींवर उभा आहे. टेबलावर मात्र कॅमेऱ्याची युक्ती चालत नाही. तिथे गिमली खरोखरच छोटा असावा लागतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिगर शेजारी ठेवल्या आणि फ्रोडो गँडाल्फच्या खांद्याला लागला, की सगळा मामला संपला. एकच मालिका धरा, नाहीतर एकट्या फिगरवर समाधान माना.

मालिकेचंही एक व्यसन असतं, बरं का. डायमंड सिलेक्टनं सॉरॉनच्या मोठ्या फिगरचे तुकडे बाकीच्या फिगरच्या खोक्यांत वाटून दिले. सगळ्या घ्याल तेव्हा सॉरॉन पूर्ण होईल. कल्पना भारी, मान्य. पण ज्या कथेत एका अंगठीपायी सगळे झपाटतात, तिच्या खलनायकाला पूर्ण करण्यासाठी आपण नको असलेला ऑर्क घ्यायचा, हे जरा अतीच झालं!

आता नकलेबद्दल, आणि इथे मी अनुभवानं बोलतोय. कॉलेजात असताना एका गल्लीतल्या दुकानातून मी असाच एक गँडाल्फ ‘निम्म्यात’ आणला होता. खोक्यावरची छपाई धूसर, पायाखाली कंपनीचं नाव नाही, उघडल्यावर रॉकेलसारखा भपकारा. काठी केळ्यासारखी वाकलेली. महिन्याभरात मान तुटली. ज्याच्या नावावर पैसे गेले त्या मूर्तिकाराला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही, हे मला फार उशिरा सुचलं. शिवाय त्या रंगात काय होतं देव जाणे, आणि माझी धाकटी बहीण तेव्हा दिसेल ते तोंडात घालायची.

अस्सल फिगर इथे महाग का, हाही प्रश्न येतोच. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यावर बाकीचे कर आणि कुरिअर. परदेशी साइटवरची डॉलरमधली किंमत बघून हुरळून ऑर्डर टाकणाऱ्याला पार्सल आल्यावर घाम फुटतो तो यामुळे. आधी हिशेब करा. आणि हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका. सहा महिन्यांनी हप्ता चालू आणि आवड संपलेली, असे लोक मी पाहिलेत.

‘खोकं न उघडता ठेवलं तर किंमत वाढेल’ हा युक्तिवाद मला पटत नाही. जुन्या ‘स्टार वॉर्स’ फिगर महाग झाल्या, कारण त्या काळच्या पोरांनी खोकी फाडून त्या मातीत खेळवल्या, न उघडलेल्या फार थोड्या उरल्या. आज हजारो लोक तेच खोकं कपाटात जपून ठेवतायत. दुर्मीळ होणार कसं? शिवाय कंपनी दोन वर्षांनी तीच फिगर पुन्हा काढते, ते वेगळंच.

उघडा. आणि मग आपल्या हवेचा विचार करा. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्याच्या दमट हवेत नकली चामड्याचे पट्टे आणि बूट काही वर्षांत सोलवटतात. लाखमोलाच्या फिगरच्याही नशिबी हे येतं. मऊ प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं, बंद कपाटात उष्णतेनं चिकट होतं. खिडकीसमोरची फळी तेवढी टाळा.

त्या मुलानं शेवटी सात इंची गँडाल्फ घेतला. स्टायपेंडातून निम्मे पैसे आईला दिले, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. खोकं उघडलं तर चेहरा उत्तम, मूठ घट्ट, पण काठी मधे जरा वाकडी. परत करू का, म्हणून रात्री अकराला फोन! त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगून ठेवतो. काठी काढून गरम पाण्यात अर्धा मिनिट धर, उकळत्या नव्हे, चहाआधीच्या. हातानं सरळ कर, आणि सरळ धरूनच गार पाण्यात घाल. दहा मिनिटांनी फोटो आला. काठी सरळ होती, मागे स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता, आणि गॅसवर चहाचं भांडं चढलेलं होतं.