हात लावू नकोस!

'हात लावू नकोस, बिघडेल.' चालायला लागल्यापासून मी आमच्या घरात हे वाक्य ऐकत आले. ते असायचं बाहेरच्या खोलीतल्या दोन लाकडी स्पीकरांसाठी. वडिलांनी १९८२ साली बोनसच्या पैशांतून घेतलेले, गुडघ्याएवढे उंच, पुढे तपकिरी कापडाची जाळी. सोबत ॲम्प्लिफायर आणि कॅसेट डेक. रविवारी सकाळी वडील स्वतःच्या हातानं ते लावायचे. गाणं कुठलं, आवाज किती, बंद कधी करायचं, हे सगळं तेच ठरवायचे. भावाला दहाव्या वर्षी बटणं फिरवायची परवानगी मिळाली. मला मिळाली वरची धूळ पुसायची. आणि आईला? त्यावर घालायचं कापड भरायची!

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. भाऊ म्हणाला, 'ते डबे भंगारात दे, चालत नाहीत.' मी ते टेंपोत घालून पुण्याला आणले. लावून पाहिले तर भसाभसा फडफड. जाळी काढली. कागदाच्या शंकूभोवती काळ्या फोमची एक कडी असते, त्या कडीवर शंकू मागेपुढे हलतो. मी बोट लावलं आणि त्या कडीचा भुगा झाला. हा फोम हवेतल्या दमटपणानं आणि उष्णतेनं पंधरा-वीस वर्षांत आपोआप विरतो. स्पीकर वाजवा अथवा झाकून ठेवा, तो विरतोच. म्हणजे चाळीस वर्षं ज्याला आम्ही दोघींनी हात लावला नाही, ते आमचा हात न लागताच बिघडलं होतं!

मी ठरवलं, हे आपणच दुरुस्त करायचं. मी एमएसडब्ल्यू आहे, दहा वर्षं स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. अर्ज लिहिता येतो, पोलीस ठाण्यात भांडता येतं. पण फिलिप्सचा स्क्रू आणि साधा स्क्रू यांतला फरक मला ठाऊक नव्हता. खरं तर तो 'फिलिप्स' नावाचा स्क्रू असतो हेही ठाऊक नव्हतं.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानात फोमची कडी मागितली. दुकानदारानं विचारलं, 'काम कोण करणार आहे?' म्हटलं, 'मी.' तो हसला. 'ताई, तुम्ही मिस्टरांना पाठवा, त्यांना नीट समजावून सांगतो.' म्हटलं, 'मिस्टर नाहीत.' 'मग भावाला पाठवा.' भाऊही नसता तर बहुधा मुलाला पाठवा म्हणाला असता. मनूनं घालून दिलेली यादी बाजारपेठेत अजून तोंडपाठ आहे!

शेवटी पेठेतल्या एका जुन्या कारागिराचा पत्ता मिळाला. लग्नाच्या बँडवाल्यांचे आणि गणेश मंडळांचे फाटलेले स्पीकर ते नव्यानं भरून देतात. दुकानावर पाटी, '... अँड सन्स'. त्यांनी मिस्टरांची चौकशी केली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. मात्र कडी कशी चिकटवायची हे विचारलं तेव्हा म्हणाले, 'ते आत विचारा.' आतल्या खोलीत त्यांची बायको आणि सून बसल्या होत्या. भोवती दहा-बारा उघडे स्पीकर. चिकटवायचं, मध्य साधायचा, तारा जोडायच्या, सगळं काम त्या दोघींचं. बाहेर गिऱ्हाइकाशी बोलणं, पैसे घेणं आणि पाटी 'सन्स'ची!

त्या काकूंनी मला जे शिकवलं ते लिहून ठेवते, कारण ते कुणाही बाईला जमेल. आधी कॉइल शाबूत आहे का ते बघायचं. मल्टिमीटरचे दोन काटे स्पीकरच्या दोन टोकांना लावायचे. माझ्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं होतं, मीटरनं सहाच्या थोडं वर दाखवलं. मी घाबरले. काकू म्हणाल्या, 'तेवढंच दाखवतं. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली समज.' मग दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायचा. शंकू 'टक्' करून हलतो. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला असेल, तर शंकू बाहेर येतो. नंतर जुना फोम आणि गोंद स्पिरिटनं भिजवून बोथट सुरीनं खरवडायचा. यातच माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. कागद फाटू द्यायचा नाही, घाई करायची नाही. नवी कडी आधी शंकूला चिकटवायची, ती वाळू द्यायची. मग शंकूच्या मधली टोपी अलगद कापायची आणि कॉइल व मधलं लोखंड यांच्यातल्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या खोचायच्या. त्या फटीत कॉइल कुठंही घासता कामा नये. ती मधोमध उभी राहिली की कडीची बाहेरची बाजू लोखंडी चौकटीला चिकटवायची, दिवसभर हात लावायचा नाही, मग पट्ट्या काढून टोपी परत बसवायची. सगळं धरून माझा खर्च नऊशे रुपयांच्या आत झाला. आणि भीती घालवायला याहून चांगली वस्तू नाही, कारण ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या अशा साध्या स्पीकरमध्ये शॉक बसेल असं काही नसतं.

मी काकूंना म्हटलं, 'केवढं कसब आहे तुमच्या हातात!' त्या म्हणाल्या, 'कसब कसलं? हे घरातलंच काम.' बाहेर काकांना विचारलं तर ते म्हणाले, 'त्या मदत करतात.'

मैत्रिणींनो, 'घरातलंच काम' आणि 'मदत' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. शेतात, विडीत, मागावर आपण ते ऐकत आलो. पण यंत्राच्या बाबतीत त्यांच्या जोडीला आणखी एक खोटं सांगितलं जातं, की बाईला यंत्रातलं कळतच नाही. मग अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून निर्यातीच्या कारखान्यांतून इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे बारीक बारीक सुटे भाग जोडायला कुणाला बसवलं? तरण्या मुलींना. का? तर म्हणे त्यांची बोटं नाजूक, चपळ. १९८१ साली डायन एल्सन आणि रूथ पिअरसन या अभ्यासकांनी जगभरातल्या अशा कारखान्यांबद्दल हेच दाखवून दिलं. ही चपळ बोटं जन्मजात नसतात. लहानपणापासून घरात शिवण-टिपण करून ती तयार होतात, आणि ते शिक्षण घरात झालं म्हणून मालक त्याला कसब मानत नाही आणि पगारही देत नाही. कारखान्याच्या पट्ट्यावर सोल्डरिंग करणारी बाई 'अकुशल' आणि दुकानात तेच सोल्डरिंग करणारा पुरुष 'इंजिनियर'. तार तीच, कथील तेच. मग फरक कशाचा? कुणाला पूर्ण यंत्र उघडून बघू दिलं जातं आणि कुणाला एकच सांधा दिवसभर जोडायला लावतात, याचा.

काही जणी म्हणतील, बाई मरताहेत, जळताहेत, आणि ही स्पीकर काय दुरुस्त करत बसली! हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. त्याचं उत्तर मला आमच्याच केंद्राच्या जुन्या वह्यांत सापडलं.

एका बाईची तक्रार होती. भांडण झालं की नवरा घराबाहेर पडताना वीज बंद करायचा. म्हणजे काय करायचा? मीटरखालच्या पांढऱ्या चिनी मातीच्या फ्यूजची खिट्टी उपसायचा आणि खिशात टाकून जायचा. मे महिना, पत्र्याचं घर, आठ महिन्यांचं मूल. ती तीन तीन रात्री अंधारात बसायची. मी वहीत लिहिलं, 'मानसिक छळ'. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे आणि बाईला हक्काच्या घरातल्या सोयी वापरू न देणं त्यात येतं, हेही मी तिला सांगितलं. सगळं बरोबर होतं. पण ती खिट्टी बाजारात काही रुपयांना मिळते, मेन स्विच बंद करून ती बसवता येते, हे मी सांगितलं नाही. कारण मला ते माहीतच नव्हतं! मला कलम येत होतं आणि फ्यूज येत नव्हता. त्याचं सगळं बळ त्या मुठीएवढ्या वस्तूत होतं आणि आम्ही दोघी सुशिक्षित-अशिक्षित बाया त्या वस्तूला सारख्याच घाबरत होतो.

दुसरा प्रसंग गावातला. दारूचं दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचं मतदान होणार होतं, त्याआधीची सभा. एक पन्नाशीची बाई उभी राहिली. दुकान कुणाच्या आशीर्वादानं चालतं ते ती नाव घेऊन सांगू लागली आणि माइक गेला. माइकवाला पोरगा दुकानदाराच्या बैठकीतला. खांदे उडवून म्हणाला, 'मशीन गरम झालंय, ताई.' आम्ही व्यासपीठावर दहा जणी, त्यांत दोन एमएसडब्ल्यू, एक वकील. एकीलाही खाली उतरून कुठली तार कुठं जाते ते बघायचं सुचलं नाही. ती बाई तशीच ओरडून बोलत राहिली. तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू गेलं नाही. सभा संपल्यावर दिसलं, ॲम्प्लिफायरच्या मागची माइकची पिन नुसती उपसलेली होती.

आता सांगा, हा छंदाचा प्रश्न आहे का?

आणि दोष नुसता त्या पोराचा आणि त्या दुकानदाराचा नाही. आपण स्वतः काय करतो? बाईला स्वावलंबी करायचं म्हटलं की आपण शिलाई मशीन आणतो, पापड लाटायला बसवतो, फार तर पिठाची गिरणी. सरकारी योजनांतही तेच आणि आपल्या बचतगटांतही तेच. ते शिलाई मशीन बिघडलं तर? गावातल्या पुरुषाला बोलावतो! आठ मार्चचं व्यासपीठ आपलं, घोषणा आपल्या, आणि ध्वनिक्षेपकाच्या बटणावर हात कुणाचा? प्रोजेक्टर लावायचा असला की आपण आपल्याच कार्यकर्तीच्या नवऱ्याला हाक मारतो आणि त्याचे जाहीर आभार मानतो.

हे जमत नाही असं म्हणू नका. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येनं १९९० नंतरच्या वर्षांत बायकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवलं. त्यांतल्या अनेकजणी दलित, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पाणी भरायचं बाईनं आणि पंप उघडायचा पुरुषानं, हा नियम त्यांनी पाना हातात घेऊन मोडला. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात देशोदेशींच्या आज्या रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या आहेत. त्यांना जमलं आणि आपल्याला पदव्या घेऊन जमत नाही?

एक आक्षेप मात्र मी खरा मानते. बाईवर आधीच घर, पोरं, नोकरी. त्यात आता दुरुस्तीही तिनंच करायची का? नाही. ज्या घरात बाई फ्यूज बसवते त्या घरात पुरुषानं कणीक मळायलाच हवी. आपण तिच्या यादीत आणखी एक काम वाढवायला निघालेलो नाही. करायचं की नाही हे तिनं ठरवावं. आज ती ठरवत नाही, तिला येत नाही म्हणून तिच्या वतीनं दुसरं कुणी तरी ठरवतं.

माझे स्पीकर पहिल्या फटक्यात नीट वाजले नाहीत. आवाज आला, पण पोकळ. ढोलकीचा खर्ज गायब. दोन्ही डबे चालू, तरी असं का? मी रडकुंडीला आले. मग काकूंचं 'टक्' आठवलं. एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या होत्या. एकाचा शंकू पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई आणि खर्ज एकमेकांत मारला जाई. तांबडी-काळी तार बदलली आणि खोली भरून आवाज आला. कुणाला फोन करावा लागला नाही. चूक माझी, दुरुस्तीही माझी. चूक करायला मिळणं हीसुद्धा एक सवलत असते. भावाला ती दहाव्या वर्षी मिळाली होती, मला तिशी ओलांडल्यावर मिळाली.

आई बाजूला उभी होती. म्हणाली, 'बंद कुठून करायचं?' मी दाखवलं. तिनं बंद केलं, परत चालू केलं, आवाज थोडा वाढवला. चाळीस वर्षं ज्यावर तिनं कापड घातलं, त्याचं बटण तिनं पहिल्यांदा फिरवलं. सत्तरीतल्या बाईला हे करायला नवरा जाण्याची वाट पाहावी लागावी, याचा मला त्या क्षणी आनंद झाला नाही, संताप आला.

म्हणून माझी सगळ्या गटांना मागणी आहे. येत्या शिबिरात गाणी, खेळ आणि कायद्याचं सत्र जरूर ठेवा, पण अर्धा दिवस टेस्टर, पकड आणि मल्टिमीटरसाठीही द्या. प्रत्येक कार्यकर्तीला फ्यूज बसवता आला पाहिजे आणि माइकची पिन कुठं जाते ते कळलं पाहिजे. सल्ला केंद्राच्या कपाटात अर्जांच्या नमुन्यांशेजारी एक हत्यारांची पेटी ठेवा. शिकवायला बायकाच बोलवा. त्या 'अँड सन्स'च्या पाटीमागे बसलेल्या आहेत, त्यांना पूर्ण मानधन द्या आणि पत्रिकेवर त्यांचं नाव छापा. आणि पुढच्या आठ मार्चला ॲम्प्लिफायरच्या खुर्चीत आपल्यातली एक बसू दे. पहिल्या वर्षी कर्कश शिट्टी वाजेल, आवाज मध्येच जाईल. जाऊ दे. तिला कुणी 'हात लावू नकोस' म्हणू नका.