वारी दारात, संशोधन कुलपात!

तुकोबांची पालखी आपल्या दौंड तालुक्यात यवत, वरवंडला मुक्काम करते. पण वारीवर जगात काय संशोधन झालंय, ते आपल्या पोरांनी वाचायचं कुठं? 'शोधगंगा'वर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, मोबाईलवरही उघडतात. पुण्याच्या जयकर ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाचं नाव सापडतं, पुस्तक मात्र पुण्यात!

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं. तीन वर्षांचे ६००० कोटी, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. पण दार फक्त सरकारी संस्थांना उघडं. शिरूर-दौंडच्या खासगी कॉलेजातली पोरं, कीर्तनकार, सामान्य वाचक बाहेरच. पैसा आपल्याच करातला ना? मग प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात एक तरी संगणक जोडून द्या. नाहीतर धर्मावरच्या प्रत्येक भांडणात व्हॉट्सॲपचा फॉरवर्डच पुरावा ठरणार!