हो सर!

काल मीटिंगमध्ये बॉसने काहीतरी विचारलं, मी झटकन ‘हो सर!’ म्हणालो. प्रश्न ऐकलाच नव्हता. लॅपटॉपवर मेल बघत होतो. शेजारच्या दोस्ताला विचारलं, तर तोही मेलमध्येच!

2009 मध्ये अमेरिकेत अस्संच झालं. सॅन दिएगोहून मिनिआपोलिसला निघालेलं विमान, 144 प्रवासी, ऑटोपायलट चालू. आणि दोन्ही पायलट लॅपटॉपवर ड्यूटी लावायची नवी सिस्टिम समजून घेण्यात गर्क! तासाभराहून जास्त वेळ कंट्रोलरला उत्तर नाही. मिनिआपोलिस शंभरावर मैल मागे पडलं. एअर होस्टेसने इंटरकॉमवर ‘कधी पोचतोय?’ विचारलं, तेव्हा भानावर आले. सगळे सुखरूप उतरले. दोघांची लायसन्स मात्र रद्द.

एकाचं लक्ष उडालं तर दुसऱ्याचं असावं, म्हणून तर पायलट दोन असतात ना?

बाय द वे, मी ‘हो’ म्हटलं होतं रविवारी ऑफिसला यायला. दोस्तानेही!