मापात पाप, आता महिन्याच्याही



बाजारात क्विंटलमागे दोन किलो कडता कापला, की आपण आडत्याला जाब विचारतो. मोबाईल कंपन्या महिन्यामागे दोन दिवस कापतात, तेव्हा गप्प का बसतो? २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज मारावे लागतात. त्यात जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दरही वाढवले.

आम्ही स्वस्ताईची भीक मागत नाही. विकणाऱ्याने भाव सांगावा, पण माप पुरे घालावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज देणेही सक्तीचे केले. म्हणजे बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्याने इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारण उरले नाही. तरी तो भरतोच. कारण दुकानदार आपणहून सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

तेव्हा नुसते "रिचार्ज मारा" म्हणू नका. आधी विचारा : दिवस किती? नेटशिवायचे कितीला?

भाव ठरवण्याचा हक्क विकणाऱ्याचा असेल, तर माप मोजून घेण्याचा हक्क आपला आहे.