सुईला परवाना लागत नाही म्हणे!

'सुई-दोऱ्याची भाषा साऱ्या जगाची एकच' हे वाक्य हल्ली प्रवासवर्णनांतून आणि हस्तकलेच्या कार्यशाळांच्या जाहिरातींतून वारंवार भेटते. वाक्य गोड आहे. ते खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

धावदोरा सगळीकडे तोच, हे मान्य. आपल्या गोधडीत तोच, बंगालच्या कांथ्यात, बिहारच्या सुजनीत आणि जपानी साशिकोतही तोच. पण मराठी आणि नेपाळी एकाच लिपीत लिहितात म्हणून मराठी माणसाला नेपाळी येते असे कुणी म्हणत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी शिवतात. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि तिथून निसटून ते घाटातल्या रानात शिरले. त्यांची घरातली बोली कोकणी-मराठीच्या वळणाची. त्यामुळे आमच्यासारख्याला ती माणसे आणि त्यांची कवंदी, दोन्ही चटकन 'आपली' वाटू लागतात. आम्हांलाही वाटली. गोधडी येतेच की, मग देऊ-घेऊ, या ऐटीत आम्ही तिथल्या एका आजींच्या ओसरीवर बसलो आणि घरच्या सवयीने सरळ रांगा घालू लागलो. आजींनी थोडा वेळ पाहिले, मग एक शब्द न बोलता आमचा दोरा उसवला. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत जाते. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांच्या 'फुला' लावाव्या लागतात. त्या नसतील तर कवंदी नागवी समजतात. मग त्यांनी विचारले, हे तुकडे कुणाच्या लुगड्याचे? आम्ही ते दुकानातून नवे कोरे आणले होते. आजी हसल्या. त्या हसण्याचे भाषांतर आम्ही करणार नाही.

कला बाहेर जाऊच नये, अशी शुद्धतेची हाकाटी आम्हांला करायची नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालच्या कारागिरांनी पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी टसरच्या धाग्याने रजया भरल्या. त्यांवर शिकारी फिरंगी आहेत आणि सॉलोमनचा न्यायनिवाडाही आहे. देवघेव तेव्हाही झाली. त्या रजया युरोपच्या संग्रहालयांत पोचल्या, शिवणाऱ्यांची नावे मात्र पोचली नाहीत.

आमचे भांडण आहे ते 'देवाणघेवाण' या शब्दाशी. तिकीट एकाच्याच खिशात असते, त्या व्यवहाराला हा शब्द कसा शोभतो? त्या आजी पुण्याला गोधडी शिकायला कधी आल्या? त्यांना काय शिकायचे आहे, हे कुणी विचारले? प्रवासी दोन दुपारी बसतो, छायाचित्रे काढतो, आणि घरी परतल्यावर त्याच टाक्याचे सशुल्क वर्ग घेतो. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, २००६ साली त्यांवर टपालतिकिटे निघाली. २००७ साली त्यांतल्याच काहींना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. कौतुक आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळले होते. आपल्याकडच्या कलाप्रेमी मंडळींना अजून कळायचे आहे.

आमच्या मागण्या अगदी रोकड्या आहेत. जिच्याकडून टाका घेतला तिचे नाव, तिची हरकत नसेल तर, प्रत्येक ठिकाणी सांगावे. शिकवणीचा दर आपण शहरात जो लावतो तोच तिला द्यावा. आणि दोन दुपारींत आलेल्या विद्येला विद्या म्हणू नये.

कुणी विचारील, तुम्ही दिलात का तो दर? नाही. सुचलेच नाही. निघताना साखर आणि चहापत्तीची पुडी ठेवून आलो, आणि पुढच्याच महिन्यात सिद्दींच्या कवंदीवर व्याख्यान देऊन त्याचे मानधन घेतले. ते पाकीट अजून आमच्याकडेच आहे. या पावसाळ्यानंतर ते घेऊन यल्लापूरला जायचे आहे.